गोरेगावचे एक शिक्षक : कै. नारायण मल्हार जोशी आणि गिरणीतील मुले

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा परिचय करून देण्याचा प्रघात आहे. यंदा तो प्रघात बाजूस ठेवण्याची अनुज्ञा संपादक मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु मंडळाची सभासद-यादी उघडून पाहावी. मुंबईकर सभासदांपैकी कितीतरी जणांच्या, निदान त्यांच्या वडिलांच्या पत्त्यात 'बी. डी. डी. चाळ, ना. म. जोशी मार्ग' ही अक्षरे आढळतील. पूर्वीचा डिलाईल रोड तो हाच. आपल्या पिढ्यांनी ते नाव लग्नपत्रिकांवर, शिधापत्रिकांवर आणि मनिऑर्डरीच्या फॉर्मावर लिहिले. मागे एका गुणगौरव समारंभात मी मुलांना विचारले की हे ना. म. जोशी कोण? तेव्हा एका हुशार विद्यार्थ्याने 'कोणीतरी पुढारी असावेत' असे उत्तर दिले. त्या मुलास मी दोष देत नाही. त्याला सांगावयाचे काम माझ्यासारख्या शिक्षकांचे होते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. मुंबईच्या उपनगरातील गोरेगाव नव्हे, तर आपले लोणेरे फाट्याजवळचे, माणगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गोरेगाव. महाडकरांना ते शेजारघराइतके जवळचे. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षण घेऊन आणि डेक्कन कॉलेजातून १९०१ साली पदवीधर होऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला व सुमारे आठ वर्षे मुलांना शिकविले. ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. वर्गात उभे राहून हजेरी घेणाऱ्या माणसाला रिकामी जागा प्रथम दिसते. जोशी यांचे पुढील आयुष्य पाहिले तर वर्गात न आलेली मुले कोठे आहेत, हाच शोध त्यांनी निराळ्या मार्गाने चालू ठेवला असे म्हणता येईल.

१९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ च्या मार्च महिन्यात दोन गोष्टी घडल्या. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, आणि त्याच महिन्यात मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' ही संस्था निघाली. गोखल्यांचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. लीग मात्र टिकली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते आणि चिटणीसपदाचा भार जोशी यांनी उचलला, तो अखेरपर्यंत. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे या संस्थेने हाती घेतली. परळचा दामोदर हॉल ज्यांनी नाटकाच्या निमित्ताने पाहिला असेल, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की ती वास्तू लीगच्या कामगार-कार्याचे केंद्र होती.

आता ही मुले कोठे होती ते सांगतो, आणि त्यासाठी घरातलीच गोष्ट सांगणे भाग आहे. माझे आजोबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाखालच्या एका वाडीत जन्मले. साल त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या हिशोबाने ते १९०५ च्या आसपासचे असावे. दहा वर्षांचे असताना चुलत्याबरोबर ते पायी दासगावच्या बंदरावर आले आणि तेथून सावित्रीच्या खाडीने बाणकोटमार्गे बोटीने मुंबईस गेले. आपल्या बहुतेक घरांत अशी एक बोट आहे. चुलता गिरणीत होता. मुकादमाच्या हातावर काही ठेवल्यावर आजोबांस साच्याच्या खात्यात भरलेल्या बाबिणी काढून रिकाम्या चढविण्याचे काम मिळाले. लहान मुलांची बोटे बारीक व चपळ, म्हणून हे काम मुलांचेच समजले जाई. कामाला लावण्यापूर्वी डॉक्टरने वय ठरविले ते तोंड उघडावयास लावून, दात पाहून. आजोबा म्हातारपणी, तोंडात एकही दात उरला नसताना, ही गोष्ट आम्हा नातवंडांना हसत सांगत. 'बैलाचे वय बघतात तसे माझे बघितले,' असे ते म्हणत. आम्हीही हसत असू. त्यात हसण्याजोगे काही नव्हते, हे कळावयास मला स्वतः शिक्षक व्हावे लागले.

ही काही बेकायदेशीर गोष्ट नव्हती. कायद्याचा क्रम थोडक्यात पाहू. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेण्याची मुभा ठेवली. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा पडली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ती सहा तासांवर आली. म्हणजे माझ्या आजोबांना दहाव्या वर्षी सहा तास राबविणे हे पूर्णपणे कायद्यास धरून होते. अशा मुलांना 'हाफ टायमर' म्हणत. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा, अशी गोड कल्पना त्यामागे होती. प्रत्यक्षात कित्येक मुले दोन नावांचे दोन दाखले मिळवून सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत उभी राहत, असे त्या काळच्या चौकशांत नमूद आहे. दाखले मिळविणारे कोण? मुलांचे पालक. म्हणजे आपणच. गिरणीमालकांवर सारे खापर फोडून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्यास हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. गोरेगावसारख्या गावात जन्मलेला शिक्षक जगातील मंत्र्यांसमोर व कारखानदारांसमोर बसला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण तेथे काय ठरले ते अधिक महत्त्वाचे. इतर देशांसाठी कारखान्यातील किमान वय चौदा ठरले. हिंदुस्थानासाठी निराळी, खालची पायरी ठेवण्यात आली, ती बारा वर्षांची. त्यानंतर १९२२ साली कारखाने कायदा बदलला आणि बारा वर्षांखालील मुलास कारखान्यात घेणे बंद झाले. नवापासून बारापर्यंत तीनच वर्षांचा फरक. परंतु नऊ वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल यांत काय अंतर असते, हे ज्याने तिसरीचा आणि सहावीचा वर्ग शिकविला आहे त्यास सांगावयास नको. पुढील काही वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतून अर्धवेळ मुले जवळजवळ दिसेनाशी झाली.

१९२१ पासून सुमारे पाव शतक जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त सभासद होते. सरकारने नेमलेला माणूस म्हणून डाव्या मंडळींनी त्यांच्यावर टीका केली आणि कामगारांचा कैवारी म्हणून भांडवलवाल्यांनी केली. त्यांनी स्वतः सी. आय. ई. हा सरकारी किताब नाकारला होता. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात फूट पडल्यावर ते बाहेर पडले, पुढे १९४० पासून पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

मुलांच्या दृष्टीने त्यांच्या कामातील दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. पहिली प्रसूतीच्या रजेची. १९२० च्या सुमारास मुंबईतील बालमृत्यूचे आकडे वाचवत नाहीत. १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. या आकड्यात एक मेख आहे. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी, म्हणजे आपल्या महाड-पोलादपूरकडे येत आणि तान्हे मूल घेऊन परत जात. त्यामुळे जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. आकडा त्याने फुगला असेल. पण ती मुले मेली, हे काही खोटे ठरत नाही. दिवसभर खात्यात उभी राहणारी आई बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देई. जोशी यांनी १९२४ साली कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. परंतु बीज पडले होते. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तोच विषय पुन्हा आला, १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले आणि १९२९ साली मुंबईचा प्रसूतिसाहाय्य कायदा झाला. हा या विषयावरील देशातील पहिला कायदा होय.

डॉ. आंबेडकरांचे नाव आले म्हणून महाडकरांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात पुढे असलेले अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे दोघेही सोशल सर्व्हिस लीगमध्ये तयार झालेले कार्यकर्ते होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची पहिली बैठक १९२४ साली भरली तीही दामोदर हॉलमध्येच. महाडच्या परिषदेचे एक संघटक रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी परीक्षेत उत्तम यश मिळवूनही महाडच्या शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला होता. वर्तमानपत्रात पत्र छापून आल्यावर घेतले, तेही इतर मुलांपासून वेगळे बसवून. तेव्हा वर्गात न आलेली मुले सारीच गिरणीत नव्हती. काही शाळेच्या दाराशीच उभी होती, आणि दार आतून आपण धरले होते.

दुसरी गोष्ट गहाण मुलांची. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगावर, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, जोशी सभासद होते. या आयोगाने देशभर फिरून पाहणी केली. अमृतसरच्या गालिचाच्या मागांवर आणि मद्रासकडील विड्यांच्या कारखान्यांत कर्जाच्या बदल्यात आईबापांनी लावून दिलेली अगदी कोवळी मुले त्यांना आढळली. १९३१ च्या अहवालानंतर १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम कर्जापोटी बांधून देणारा करार रद्दबातल ठरला. आईबापास पन्नास रुपयांपर्यंत आणि काम घेणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. परंतु योग्य मजुरीवर, आठवड्याच्या सूचनेने मोडता येईल असा आणि मुलाला अपाय न करणारा करार चालेल, अशी पळवाटही त्यातच राहिली. वीटभट्टीवर उचल घेऊन कुटुंबासह जाणाऱ्या आपल्याकडील आदिवासींची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा कायदा किती पोहोचला हे ठाऊक आहे.

येथे जोशी यांच्या कार्याची एक उणीव प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्यांची नजर कारखान्यावर होती. भोंगा वाजतो, हजेरीपट असतो, तपासनीस येतो, अशा जागीच त्या काळचा कायदा पोहोचत होता. गिरणीतून निघालेले मूल शाळेत गेले की चहाच्या दुकानात, खानावळीत किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासावयास गेले, हे पाहणारे कोणी नव्हते.

ही उणीव भरून काढावयाची तर पाहणारी माणसे तयार करावी लागतात, आणि ते कामही जोशी यांच्या लीगने सुरू केले होते. १९२० साली लीगने समाजकार्य करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग चालविला. देशात अशा प्रकारचा पहिला वर्ग तोच मानला जातो. परोपकार हा स्वभाव आहे, तो शिकवावयाचा कसा, असे तेव्हा लोकांना वाटत असेल, आजही वाटते. दिवाळीत अनाथाश्रमात फराळ वाटून येणे आणि ते मूल तेथे का आले, त्याचे वय किती, घरी परत पाठविता येईल का, याची नोंद ठेवणे, या दोहोंत फरक आहे. १९२४ साली मुंबईचा बालकायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली आणि निराधार वा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना मोठ्यांच्या तुरुंगाऐवजी वेगळे न्यायालय व डोंगरीसारखी गृहे मिळू लागली. त्या न्यायालयास मुलाच्या घरची हकीकत सांगणारा जाणता माणूस लागतो. नागपाड्यात काम करणारे अमेरिकन गृहस्थ डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याची देशातील पहिली पदव्युत्तर शाळा मुंबईस निघाली. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. तिने दुसऱ्याच वर्षी मुलांसाठी मार्गदर्शन-चिकित्सालय काढले. पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली आली. जे काम काही आठवड्यांच्या वर्गाने आरंभिले, त्याची पुढे दोन वर्षांची पदवी झाली. आपल्या ज्ञातीतील किती मुलांनी ती घेतली? मी चौकशी केली. मला दोन नावे मिळाली, दोन्ही मुलींची.

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे मुंबईत निधन झाले. त्यापूर्वी, १९४८ च्या कारखाने कायद्याने किमान वय चौदा झाले होते आणि घटनेच्या २४ व्या कलमात ते कोरले गेले होते. वॉशिंग्टनला हिंदुस्थानसाठी जी पायरी खाली ठेवली होती, ती वर येण्यास एकोणतीस वर्षे लागली.

आता माझी स्वतःची एक नोंद. १९८४ च्या सुमारास मी पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरी शाळेत होतो. चौथीत एक मुलगा होता, तोंडी हिशेबात माझ्याही पुढे. भाताची कापणी झाल्यावर तो दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की आपल्याच ज्ञातीतील एक मुंबईकर गृहस्थ त्यास 'शिकवितो, सांभाळतो' म्हणून घेऊन गेले. मी काय केले? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'परगावी' असा शेरा मारला. तपासणीच्या वेळी पटात कोणतीही चूक निघाली नाही. पुढे दोन वर्षांनी मुंबईत एका खानावळीत जेवावयास गेलो असता मागच्या मोरीतून तो हात पुसत बाहेर आला, 'गुरुजी!' म्हणाला आणि माझ्या पाया पडला. पैसे त्याने घेऊ दिले नाहीत. मालकास सांगितले, माझ्या पगारातून कापा. मी ते जेवण जेवलो. माझ्या आजोबांचे दात पाहून निदान कोणीतरी वय ठरविले होते. या मुलाचे वय माझ्या हजेरीपटात स्पष्ट लिहिलेले होते, आणि तो हजेरीपट मी कोणाला दाखविला नाही.

तेव्हा १९८६ चा बालकामगार कायदा झाला नव्हता. झाल्यावरही घरकाम आणि खानावळी त्यातून बाहेरच होत्या. १० ऑक्टोबर २००६ पासून त्यांनाही चौदा वर्षांखालील मुलांस बंदी लागू झाली. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला आणि २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच धंद्यांत ही बंदी झाली, मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत राहिली. 'घरचा धंदा' आणि 'मदत' हे शब्द मला १९३३ मधील 'योग्य मजुरी'सारखेच सैल वाटतात.

ज्ञातिबांधवांनो आणि भगिनींनो, आपल्या गोतावळ्यात आजही मुंबई, ठाणे, पुणे येथील काही घरांत गावाकडून आणलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी असते. तिला 'कामवाली' म्हणत नाहीत. 'आमच्या गावची आहे, घरच्यासारखी आहे, शाळेतही घालणार आहोत' असे म्हणतात. तिच्या आईबापास चार पैसे मिळतात, तिला दोन वेळचे चांगले अन्न मिळते, हे मी नाकारीत नाही. दोन दाखले काढणाऱ्या पालकांकडेही अशीच कारणे होती आणि ती खोटी नव्हती.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी चिटणिसांकडे एक ठराव दिला आहे. चौदा वर्षांखालील मुलास अथवा मुलीस कामास ठेवणाऱ्या सभासदास मंडळाच्या कार्यकारिणीवर राहता येणार नाही, आणि महाड-पोलादपूर भागातील शाळा सोडून गेलेल्या आपल्या मुलांची यादी मंडळाने दरवर्षी जून महिन्यात तयार करावी, असा त्याचा आशय आहे. यादीचे काम करण्यास मी तयार आहे. हजेरीपटाची मला सवय आहे. ठरावास अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.